इंडक्शनची शेगडी: नाशिकच्या स्वयंपाकघरात काय चालतं, काय नाही

नाशिकच्या जुन्या गावातला भांडीबाजार आणि तांबट लेन तांब्या-पितळेच्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली. १८८३ साली छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरनेही इथल्या तांब्या-पितळेच्या धंद्याची दखल घेतली आहे. आजही लग्नाच्या रुखवताला, वास्तुशांतीला, त्र्यंबकेश्वराहून परतताना माणसं तिथे वळतात. आणि नेमकी हीच भांडी इंडक्शनची शेगडी नाकारते. पितळेचं पातेलं ठेवलं की ती टूं-टूं करते, पडद्यावर एक चूक-क्रमांक दाखवते आणि गप्प बसते.

दुकानात मात्र ही शेगडी तीन शब्दांत विकली जाते: झटपट, सुरक्षित, स्वस्त. पहिला शब्द खरा आहे. दुसरा बऱ्यापैकी खरा आहे, वायरिंग धड असेल तर. तिसरा शब्द तुमच्या वीजबिलावर अवलंबून आहे आणि नाशिकमधल्या बहुतेक घरांत तो खोटा ठरतो. तरीही ही शेगडी घरात असावी असं माझं मत आहे. फक्त ती गॅसच्या जागी नको, गॅसच्या शेजारी हवी. कोणती कामं तिच्यावर टाकायची आणि कोणती नाहीत, हे ठरवता आलं की तिच्याइतकी सोयीची वस्तू नाही.

आच नाही, मग उष्णता कुठून येते?

काचेच्या खाली तांब्याच्या बारीक तारांचा पीळ चकलीसारखा गुंडाळलेला असतो. आपल्या घरात येणारा वीजप्रवाह सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेतो. शेगडीतलं सर्किट हा वेग वाढवून २० हजारांच्या वर नेतं. त्या वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र काचेतून आरपार जातं आणि वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडात वीज फिरायला लागते. हे तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलं होतं. बुडात फिरणाऱ्या या भोवरी प्रवाहांना लोखंड अडवतं आणि त्या अडवण्यातून उष्णता तयार होते. थोडक्यात, तापतं ते भांडं. काच गरम होते ती भांड्यामुळे, मागाहून.

तांबं आणि अॅल्युमिनियम विजेला फारसं अडवत नाहीत, म्हणून त्यांच्यात पुरेशी उष्णताच निर्माण होत नाही. शेगडीला ते भांडं जणू दिसतच नाही. अमेरिकेत १९५०च्या दशकात फ्रिजिडेअर कंपनीने या तंत्राचं प्रात्यक्षिक करताना शेगडी आणि भांडं यांच्यामध्ये वर्तमानपत्र ठेवलं होतं. वर पाणी उकळलं, कागद तसाच राहिला. (घरी हा प्रयोग करू नये. फोडणीचं तापलेलं भांडं कागद सहज करपवतं.)

यात उष्णता बाहेर फारशी सांडत नाही. विजेतली साधारण ८५ टक्के ऊर्जा अन्नात उतरते. गॅसच्या शेगडीसाठी भारतीय मानकाने प्रयोगशाळेत किमान ६८ टक्क्यांची अट घातली आहे, पण घरात लहान पातेल्याच्या दोन्ही बाजूंनी जाळ वर येत असतो तेव्हा हा आकडा बराच खाली येतो. उरलेली उष्णता जाते कुठे? ओट्याजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हा फरक आकड्यांवाचून कळतो. इंडक्शनवर स्वयंपाक करताना डोक्यावरचा पंखा चालू ठेवता येतो, ही एवढी एकच गोष्ट काही घरांत खरेदीला पुरेशी ठरावी.

लोहचुंबक घेऊन बाजारात

भांडं चालेल की नाही हे ओळखायला फ्रिजवरचं लोहचुंबक पुरतं. बुडाला घट्ट चिकटलं तर चालेल. हलकंच चिकटून घसरलं तर शेगडी कुरकुर करत चालेल, नीट तापणार नाही. चिकटलंच नाही तर प्रश्न मिटला.

घरातल्या मांडणीवर हे लावून पाहा. लोखंडी तवा, लोखंडी कढई, बिडाचा तवा, बिडाची आप्पेपात्रं पास होतात. जर्मनची पातेली, हिंदालियमचा जुना कुकर, तांब्या-पितळेचं सगळं, मातीची भांडी, काच, दगडी खल नापास. स्टीलचं मात्र सांगता येत नाही आणि गोंधळ इथेच होतो. ज्या स्टीलमध्ये निकेल जास्त असतं ते गंजाला पक्कं, चकचकीत, महाग आणि चुंबकाला दाद न देणारं. म्हणून कधी कधी घरातलं सर्वांत चांगलं पातेलं नापास होतं आणि कोपऱ्यात पडलेला स्वस्तातला डबा पास होतो. तीन थरांची भांडी हल्ली सर्रास मिळतात. त्यात आत स्टील, मध्ये अॅल्युमिनियम आणि बाहेरून चुंबकाला धरणारं स्टील असतं. ती महाग असली तरी या शेगडीवर त्यांचा खरा उपयोग आहे, कारण मधला थर उष्णता पसरवतो आणि खाली लागत नाही.

बूड सपाट हवं, ही दुसरी अट. आपला नेहमीचा तवा किंचित खोलगट असतो, कढई तर गोलच. बूड काचेपासून जितकं वर तितकं तापणं कमी. गोल बुडाची लोखंडी कढई चुंबकाच्या परीक्षेत पहिली येते आणि शेगडीवर मात्र डुगडुगत राहते. ती भजी-पुऱ्यांना ठेवायचं धाडस करूच नये, तापलेल्या तेलाचा प्रश्न आहे.

दुकानदार कधी एक सपाट लोखंडी चकती दाखवतो: ही शेगडीवर ठेवा, तिच्यावर कुठलंही भांडं चालेल. चालतं, हे खरं. पण मग चकती तापणार, तिच्यातून भांडं तापणार, म्हणजे इंडक्शनचा मुख्य फायदा गेला. चकतीखालची काच नको तेवढी गरम होते ते वेगळंच. पितळेच्या पातेल्यातच आमटी करायची हौस असेल तर गॅस आहे.

इन्फ्रारेड नावाची एक शेगडी साधारण याच रूपात मिळते. ती सगळी भांडी घेते, कारण तिच्यात काचेखाली तापणारी तार असते. ती इंडक्शन नव्हे. तिची काच स्वतः लालभडक होते आणि बंद केल्यावरही बराच वेळ भाजते.

भाकरी, भरीत, पापड

आपल्या स्वयंपाकात जाळाला अन्नाचा थेट स्पर्श लागतो अशी कामं पुष्कळ आहेत आणि इंडक्शनला जाळ नाही. भरताचं वांगं गॅसवर धरलं की साल काळी पडते, आतून वाफ सुटते, धुरकट वास गरात उतरतो. इंडक्शनवर वांग्याला चिरा देऊन, तेलाचा हात लावून, झाकण ठेवून तव्यावर शिजवता येतं. ते मऊ होतं. त्याला भरीत म्हणायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. नाशिकच्या काळ्या रश्श्याची चवही आचेवर भाजलेल्या कांद्या-खोबऱ्यात असते. कांदा चिरून बिडाच्या तव्यावर काळपट होईपर्यंत परतला तर जवळपास तसाच रंग येतो, अख्खा कांदा जाळात टाकल्याचा वास येत नाही. पापड भाजायची जाळी इथे निरुपयोगी. खापरावरचे मांडे तर सोडूनच द्या, माती चुंबकाला ओळखत नाही.

भाकरीचं प्रकरण मात्र वाटतं तितकं निराशेचं नाही. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली म्हणजे बहुतेक शेगड्यांतलं वेटोळं १८-२० सेंटिमीटरचं असतं. तवा मोठा घेतला की त्याचा मधला भाग धगधगतो आणि कडा कोमट राहतात. भाकरीही तशीच होते: मधे डाग, कडेला कच्ची. म्हणून तवा जाड, सपाट आणि २२-२४ सेंटिमीटरचा घ्यावा, भाकरी त्याच्या आत बसेल एवढीच थापावी. दुसरी अडचण तवा तापवण्याची. बिडाचा तवा ठेवून एकदम २००० वॅट लावले तर मध्यभाग भडकतो, कडा गारच राहतात आणि अशा ओढाताणीत बीड तडकू शकतं, पातळ लोखंडी तवा मधून फुगतो. आधी ६००-८०० वॅटवर चार-पाच मिनिटं तवा मुरू द्यायचा, मग वाढवायचं.

त्यानंतर क्रम नेहमीचाच. भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकायच्या आत उलटली. दुसरी बाजू नीट भाजू दिली की पुन्हा उलटून स्वच्छ फडक्याच्या बोळ्याने कडा दाबत भाकरी तव्यावर गोल फिरवत राहायची. तवा पुरेसा मुरलेला असेल तर बाजरीचीही टम्म फुगते. पोळीला हे आणखी सोपं आहे. फुलक्याला मात्र शेवटचा जाळ लागतोच, तेव्हा शेजारच्या गॅसवर टाकायचा. ठेचा, थालीपीठ, धिरडी, आप्पे बिडाच्या तव्या-पात्रांत उत्तम होतात. मिरच्या-लसूण परतताना आच एकसारखी राहते म्हणून ठेच्यासाठी तर मी इंडक्शनच निवडेन.

कुकर, दूध आणि फोडणी

पाणी ज्याचं मुख्य अंग आहे ती सगळी कामं या शेगडीची. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. खोलीच्या तापमानाचं एक लिटर पाणी उकळीला आणायला साधारण ०.१ युनिट वीज लागते, आणि २००० वॅटवर तीन-साडेतीन मिनिटं. हा आकडा लक्षात ठेवला की पुढचे सगळे अंदाज आपोआप येतात.

कुकर 'इंडक्शन बेस' असलेलाच हवा. पहिली शिटी येईपर्यंत १४००-१६०० वॅट ठेवा, मग ५००-६००वर आणा. बरेच जण पूर्ण जोरावर ठेवून शिट्या मोजतात. त्यात शिट्या भराभर होतात, डाळ मात्र शिजत नाही, कारण शिजायला शिट्या नव्हे, वेळ लागतो. वरण-भाताचा कुकर असा पाव ते ०.३ युनिटात निघतो.

दुधाचं गणित वेगळं. कमी किमतीच्या शेगड्यांना आच खरोखर मंद करता येत नाही. ३०० किंवा ४०० वॅट असं पडद्यावर दिसतं तेव्हा आतून काही सेकंद पूर्ण जोराचा झटका आणि काही सेकंद पूर्ण बंद असा खेळ चालू असतो. पातेल्यात वाकून पाहिलं तर कळतं. बुडबुड्यांचं एक कडं उसळतं, विरतं, पुन्हा उसळतं. पाण्याला याने काही फरक पडत नाही. दूध मात्र त्या कड्याखालीच धरतं आणि पातेलं पातळ असेल तर खरपुडी बसते. बासुंदी आटवणं, रवा खमंग भाजणं, पुरण घोटणं, साखरेचा पाक ही कामं म्हणून मंद गॅसवर. इंडक्शनवर करायचीच असतील तर तीन थरांचं जाड भांडं आणि सतत हलता हात.

फोडणीत धोका उलट दिशेने आहे. चमचाभर तेल, पातळ बुडाची कढई आणि १६०० वॅट म्हणजे मोहरी तडतडण्याच्या आधी तेलातून धूर. तापमान मोजणारा भाग काचेच्या खाली असतो, त्याला खबर उशिरा लागते. फोडणी ८००च्या आत ठेवा. गॅसवर तेल तापायला वेळ लागतो म्हणून आपण तेवढ्यात कढीपत्ता धुवून घेतो. ही सवय इथे मोडावी लागते, सगळं आधी हाताशी हवं. नॉनस्टिक भांडं रिकामं तर अजिबात ठेवू नये.

शेगडीवरच्या तयार बटणांविषयी एक शब्द. 'डोसा', 'करी', 'मिल्क' असं लिहिलेलं असतं. पिठलं किंवा भाकरी असं बटण मी अजून पाहिलेलं नाही. प्रत्येक बटण म्हणजे ठरावीक वॅट किंवा ठरावीक तापमान, आणखी काही नाही. ती विसरून सरळ वॅटचं बटण वापरलं तर दोन दिवसांत हात बसतो.

बिलाचा हिशेब

आता तो तिसरा शब्द: स्वस्त.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो पूर्ण जळला तर साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता मिळते. घरच्या वापरात त्यातली ६० टक्के भांड्यात उतरते असं धरू, म्हणजे १०८ युनिट. तेवढीच उष्णता इंडक्शनवर मिळवायला, ८५ टक्क्यांच्या हिशेबाने, १२५ युनिटांच्या थोडं वर वीज लागेल. सोयीसाठी एक सिलिंडर म्हणजे १२५ युनिट समजू.

महावितरणचा घरगुती दर पायऱ्यांचा आहे: १०० युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. २०२४-२५ या वर्षात पहिल्या पायरीचा वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता, दुसरीचा १० रुपये २९ पैसे. दोन्हींवर युनिटमागे १ रुपया १७ पैसे वहन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीजशुल्क. म्हणजे पहिल्या पायरीवरचं युनिट पडत होतं सुमारे ६ रुपये ८० पैशांना आणि दुसऱ्या पायरीवरचं १३ रुपये ३० पैशांना. इंधन समायोजन आकार आला तर तो वेगळा.

गुणाकार करून पाहा. पहिल्या पायरीवर १२५ युनिटांचे सुमारे ८५० रुपये होत होते, दुसऱ्या पायरीवर १६६० रुपये. घरगुती सिलिंडर मार्च २०२४ मध्ये १०० रुपयांनी उतरला, एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांनी चढला. या काळात तो साधारण आठशे ते साडेआठशेच्या घरात होता. तर पहिल्या पायरीवर बरोबरी आणि दुसऱ्या पायरीवर गॅसच्या दुप्पट.

आता खरा मुद्दा. फ्रिज, पंखे, टीव्ही, दिवे, मिक्सर असलेलं घर पहिली १०० युनिटं तशीही संपवतं. इंडक्शनचं प्रत्येक युनिट त्यावर चढतं, म्हणजे दुसऱ्या पायरीवरच पडतं. उन्हाळ्यात एसी चालत असेल तर तिसऱ्या पायरीवर, जिथे २०२४-२५च्या दराने एक युनिट १८ रुपयांना जातं. दुकानातला विक्रेता सरासरी बिल धरून हिशेब मांडतो. हिशेब शेवटच्या पायरीने मांडायचा असतो. दर पुढे बदलतील, बदललेही आहेत. आपल्या ताज्या बिलाच्या मागच्या बाजूचे आकडे घ्या, रीत हीच.

मग स्वस्त कोणाला पडतं? गंगापूर रोड-कॉलेज रोडच्या बाजूला खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला. स्वतंत्र मीटर, एक पंखा, दोन दिवे, चार्जर, महिन्याला ४० युनिट वापर. त्याची इंडक्शनची युनिटंही पहिल्याच पायरीत बसतात, शिवाय गॅस जोडणीची अनामत आणि पत्त्याच्या पुराव्याची कटकट वाचते. (सबमीटर असेल आणि मालक आपल्या मनाने युनिटमागे दर लावत असेल तर हा फायदा मालकाच्या खिशात.)

आणि बाकीच्यांनी घाबरायचं का? दिवसाला एक युनिटभर स्वयंपाक इंडक्शनवर केला, म्हणजे दोन वेळचा चहा, दूध, एक कुकर, एक आमटी, तर दुसऱ्या पायरीच्या त्या दराने महिन्याला चारशे रुपयांच्या आसपास जातात आणि सिलिंडर तितकाच जास्त पुरतो. निव्वळ तोटा महिन्याला दोनशेच्या घरात. ओट्यावरची तिसरी शेगडी, उन्हाळ्यातली कमी झळ, रात्री सिलिंडर संपल्यावरचा आधार यांची ही किंमत आहे. कोणाला पटेल, कोणाला नाही.

शहराच्या काही भागांत एमएनजीएल कंपनीचा पाइप गॅस पोहोचला आहे. तिथे सिलिंडर संपण्याची भीतीच उरत नाही, त्यामुळे आधार म्हणून इंडक्शन घेण्याचं कारण दुबळं होतं. दुसरीकडे, देशाला लागणारा निम्म्याहून अधिक एलपीजी आयात होतो, त्यातला मोठा हिस्सा आखातातून. म्हणून केंद्र सरकारही विजेवरच्या स्वयंपाकाला उत्तेजन देतं. २०२१ मधल्या 'गो इलेक्ट्रिक' मोहिमेत विजेवरच्या गाड्यांबरोबर इंडक्शनचाही प्रचार होता, आणि २०२३ मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीने २० लाख इंडक्शन शेगड्यांचा कार्यक्रम जाहीर केला.

'धूर नाही, प्रदूषण नाही' असंही सांगितलं जातं. स्वयंपाकघरापुरतं ते खरं आहे. जळता गॅस नायट्रोजन डायऑक्साइड सोडतो आणि बंद खोलीत तो साचतो. पण ग्रीडमधली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, आणि अशा जुन्या केंद्रात कोळशातल्या उष्णतेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची वीज होते. धूर ओट्यावरून हलला, चिमणीतून निघाला.

छतावर पॅनेल असतील तर

हिशेब इथे पालटतो. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिच्यात १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट पॅनेल महिन्याला १०० ते १२० युनिट देतात, म्हणजे ढोबळमानाने एका सिलिंडरइतकी वीज. नेट मीटरिंगमुळे दुपारी ग्रीडला दिलेली युनिटं संध्याकाळच्या वापरातून वजा होतात. बंगला किंवा रो-हाउस असेल तर स्वयंपाक इंडक्शनवर नेण्यात अर्थ आहे, आणि संच घेतानाच तो धरून एक किलोवॅट जास्त घ्यावा. पावसाळ्यात उत्पादन घटतं हे गृहीत धरा. अपार्टमेंटमध्ये गच्ची सगळ्यांची असते आणि सोसायटीची सभा हा स्वतंत्र विषय आहे.

पॅनेल नसले तरी, टीओडी म्हणजे वेळेनुसार दर लावणारे मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पहिल्या पाळीचे डबे पहाटे भरले जातात, त्या घरांना तिचा काय उपयोग, हे विचारायला हवं.

वायरिंग आधी, शेगडी नंतर

२००० वॅटची शेगडी पूर्ण जोरावर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढते. साधा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. तिला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट हवा, थेट भिंतीतला. पॉवर पिन लहान सॉकेटमध्ये बसवायचा जोड दहा-वीस रुपयांना मिळतो आणि तो कितीतरी घरांत सर्रास लावलेला दिसतो. आधी पिन पिवळी पडते, मग वास येतो, मग सॉकेट वितळतो. एक्स्टेंशन बोर्डाचंही तेच.

पंचवटी-जुन्या नाशकातल्या वाड्यांत आणि जुन्या इमारतींत वायरिंग दिवे-पंख्यांच्या काळातलं असतं, अर्थिंग नावापुरतं. ओट्यावर ओले हात, स्टीलची भांडी आणि वीज एकत्र येतात तिथे अर्थिंग तपासून घेणं आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवणं हा खर्च टाळू नये. शेगडीच्या किमतीइतका तो होईल, होऊ द्या. मंजूर भार बिलावर छापलेला असतो. गिझर, इस्त्री आणि इंडक्शन सकाळी एकदम चालू झाले तर पाच किलोवॅट सहज होतात आणि एमसीबी पडतो.

लाईट गेली की शेगडी बंद. घरातला नेहमीचा इन्व्हर्टर तिला पेलत नाही. वळवाच्या वाऱ्यात तारा तुटतात त्या संध्याकाळी गॅस लागतोच, म्हणून जोडणी परत करण्याच्या भानगडीत पडू नका.

घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्या व्यक्तीने चालू शेगडीपासून दोन फूट लांब राहावं आणि वापराआधी डॉक्टरांना विचारावं.

घेताना आणि वापरताना

एका भांड्याची शेगडी दीड-दोन हजारांपासून मिळते. आयएसआय चिन्ह पाहा. टच पॅनेल दिसायला छान, पण ओल्या किंवा पिठाच्या हाताला ते दाद देत नाही आणि दूध उतू गेलं की स्वतःच भलतं काहीतरी दाबून घेतं. दाबायची बटणं किंवा फिरवायची खुंटी आपल्या स्वयंपाकाला बरी. दोन-तीन भांड्यांचा ओट्यात बसवायचा हॉब घ्यायचा असेल तर मीटरपासून स्वतंत्र वायर ओढावी लागते. ते काम फर्निचरच्या आधी करायचं.

काचेवर बिडाचा तवा घासत सरकवू नका, उचलून ठेवा. पाक किंवा गूळ सांडला तर गार होऊन चिकटण्याआधी सांभाळून पुसा, बाकीचं काच गार झाल्यावर. काचेला बारीकशी जरी चीर गेली तरी वापर थांबवा, कारण खाली पाणी गेलं की ते थेट सर्किटवर जातं. काम झालं की लगेच भिंतीवरचं बटण बंद करायची आपल्याला सवय असते. आतला पंखा थांबेपर्यंत थांबा, तो त्या सर्किटलाच गार करत असतो.

शेवटचा शत्रू झुरळ. शेगडीच्या तळाला हवेसाठी फटी असतात, आत ऊब असते आणि वरून सांडलेलं दूध-वरण झिरपतं. रात्री झुरळं आत शिरतात, सर्किटवर फिरतात आणि एक दिवस शेगडी चालू होत नाही. म्हणून रात्री ओटा पुसला की शेगडी उचलून उभी ठेवावी, तळाच्या जाळीवर महिन्याकाठी कोरडा ब्रश फिरवावा, आणि तिच्याखाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिक कधीच अंथरू नये. पंखा तो कागद ओढून घेतो, हवेची वाट बंद होते आणि शेगडी तापून मध्येच बंद पडते. दुरुस्तीला नेण्याआधी एकदा उलटी करून पाहावी.